म्हशीला नाव आहे, बाईला नाही

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत माझ्या काकूइतकं उलट्या डोक्याचं माणूस दुसरं सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते तिनंच आपल्या कादंबरीत जन्माला घातलेलं असेल. हे विधान मी जबाबदारीनं करते आहे. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. पत्रकात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर लोक जाब विचारायला घरी येतात, त्यामुळं तोलून लिहायची सवय आहे. 'घराच्या दारावर बाईचं नाव' या आमच्या मोहिमेसाठी मी लातूरपासून रेणापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत दारोदार हिंडले आहे. सरपंच, मास्तर, निवृत्त फौजदार, कीर्तनकार, सगळ्यांशी भांडून त्यांच्या दारांवर त्यांच्या बायकांच्या नावाच्या पाट्या ठोकल्या आहेत. एका फौजदारानं तर हातोडी स्वतः आणून दिली. हरले ती एकाच दारात, आणि ते दार माझ्या सख्ख्या काकूचं.

तिची पाटी मी स्वतः रंगवून नेली होती. काकाची हरकत नव्हती. काकाची हरकत कशालाच नसते. काकूनं पाटी हातात घेतली, लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली, "अक्षर चांगलंय गं तुझं" म्हणाली आणि पाटी आत घेऊन गेली. पुढच्या खेपेला गेले तर ती पाटी तिच्या रेणापुरातल्या पिठाच्या गिरणीत, ज्वारीच्या पिंपावर झाकण म्हणून पालथी पडलेली. नाव खाली, ज्वारीकडे तोंड करून. मी तिथल्या तिथं निषेध नोंदवला. "काकू, पिढ्यान्‌पिढ्या बाईचं नाव दाबून टाकलं गेलं, आणि तू स्वतः..." काकूनं गिरणीचा पट्टा सारखा करता करता मान वर केली. "दाबलंय कुठं? पिंपात उंदरं शिरत न्हाईत आता." मी म्हटलं, "तुझं नाव आहे ते." "माझं कुठलं? ते ह्या घरानं ठेवलेलं हाय. घराचं नाव घराला लावून काय व्हायलंय?" एवढं बोलून तिनं गिरणी चालू केली. गिरणी चालू असताना घोषणा देऊन उपयोग नसतो, हे मी तिथं शिकले.

काकू मूळची मुदखेडची. लग्नात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं ताटात तांदूळ पसरले, काकानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं, पाच जणींनी ते वाचलं, आणि जुनं नाव तिथं संपलं. "अन् ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले," असं काकू सांगते. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. खिचडी कशी झाली होती हेही सांगते. त्यानंतर नवं नाव कागदोपत्री गेलं, पण तोंडी कुणी तेही वापरलं नाही. घरात ती 'धाकली', गावात 'मुदखेडवाली', काकाची 'ऐकलं का', आम्हा पोरांची 'काकू'. तिचं जुनं नाव मी कधीमधी ऐकलं ते एकाच तोंडून. तिची आई, आमची मुदखेडची आजी, वर्षातनं एखाद्या वेळी यायची. फाटकातूनच हाक मारायची, आणि काकू हातातलं असेल ते तिथं टाकून धावायची. एकदा पिठाचा डबा टाकून धावली. अंगणभर पीठ, त्यातून उमटलेली पावलं, आणि फाटकाशी दोघी. ती आजी मागच्या हिवाळ्यात गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकूनं कादंबरी लिहायला घेतली. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. मोहिमेच्या धामधुमीत होते.

आता नाव न घेण्याच्या बाबतीत काकूचा हात धरणारं कुणी नाही, हे मला खेदानं नमूद करावं लागतं. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही ही रीत पुष्कळ घरांत होती, पण आमच्या घरात तिनं शब्दकोशच पोखरला. सासूचं नाव साखराबाई, म्हणून साखर तोंडात आणायची नाही. साखर म्हणजे 'चहात घालायचं'. सासऱ्यांचं नाव बुधाजी, म्हणून बुधवारला 'मंगळवारचा दुसरा दिवस'. काका प्रकाश, म्हणून तिनं आयुष्यात कधी 'सूर्यप्रकाश' म्हटलेलं नाही. ऊन म्हणते. सासू-सासरे जाऊन काळ लोटला, तरी मंगळवारचा दुसरा दिवस दर आठवड्याला येतोच. मी एकदा तिला समोर बसवून "म्हण साखर, म्हणून तर बघ" असं बजावलं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की चहा बिनसाखरेचाच प्यायले.

पण याच काटकसरीतून तिला एक विद्या आली, आणि तिच्यापुढं आमचे भाषणबाज फिके पडतात. काकू एकही नाव न घेता अख्ख्या तालुक्याची भानगड सांगू शकते आणि ऐकणारा कुठंही अडखळत नाही. "ते पल्याडचे हाईत बगा, ज्यांच्या दारात आंब्याचं वठलेलं खोड हाय, त्यांची थोरली, तिचा जो दीर पुण्याला राहून आलाय अन् आता पाण्याला वॉटरच म्हणायलाय, त्यानं परवा..." असं ती सुरू करते. माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो, त्याच्या चपलांसकट. गिरणीतल्या डब्यांवर गिऱ्हाइकं नावं रंगवून आणतात. काकू ती वाचत नाही. हा कडी तुटक्यांचा, हा चेपलेल्या नाकाचा, हा नुसता भांडणाऱ्यांचा. मोबाइलमध्येही तेच. 'दूध', 'नळ', 'मोठी', 'रडकी', 'फोन उचलत न्हाई'. माझा नंबर 'पत्रक' म्हणून साठवलेला आहे. मी फोन केला की तिच्या पडद्यावर 'पत्रक' असं येतं आणि बऱ्याचदा ती उचलत नाही. लोक दारावरच्या पत्रकाचं जे करतात तेच.

कादंबरी तिनं लिहिली ती लाईट गेल्यावर. लाईट असेपर्यंत गिरणी, गेली की कादंबरी. उन्हाळ्यात दुपारच्या दुपार वीज नसायची, त्यामुळं सुरुवातीची प्रकरणं ऐसपैस आहेत, नदीकाठानं चालल्यासारखी. पुढं पावसाळ्यात गावाला नवं रोहित्र बसलं आणि मधली प्रकरणं एकदम आखूड झाली. एखादं प्रकरण वाक्याच्या मधेच संपतं, कारण तिथं लाईट आली. "आत्ताच यायची व्हती व्हय मेली," असं म्हणून ती उठायची, आणि डबा घेऊन थांबलेल्या बायकांना वाटायचं की आपल्यालाच म्हणाली. रोहित्र जळालं त्या आठवड्यात गाव अंधारात होतं आणि काकू खुशीत. शेवट त्या आठवड्यातला आहे.

वाचन म्हणाल तर तिच्याइतका चिकित्सक वाचक मी पाहिला नाही. मी लातूरच्या वाचनालयातून तिला कादंबऱ्या आणून द्यायचे. एखाद्या कादंबरीचा नायक पहिल्याच पानावर 'माझं नाव अमुक, मी तमुक गावचा' म्हणाला, की ती पुस्तक मिटायची. "अगं, दारात येऊन आधी आपलं नाव सांगणारा माणूस एकतर मतं मागायला आलेला असतोय न्हाईतर विमा विकायला. घरातलं माणूस कवा नाव सांगतं का?" मी म्हटलं, वाचकाला कळायला नको का कोण बोलतंय? "आंधळ्या म्हातारीला सुदा कळतंय कोण बोलायलंय. आवाजावरून."

तिची कादंबरी मी वाचली तेव्हा पहिल्या बैठकीत थक्क झाले आणि दुसऱ्या बैठकीत संतापले. थक्क अशासाठी की जन्मात ज्यांची नावं घेतली नाहीत त्या साऱ्या नात्यातल्या माणसांना तिनं कादंबरीत ठणठणीत नावं दिली होती. सासूला, सासऱ्याला, दिरांना, जावांना, नवऱ्याला तर नाव, आडनाव आणि टोपणनावसुद्धा. पानोपानी साखर होती. सबंध एक प्रकरण बुधवारी घडत होतं. एवढंच काय, गोठ्यातल्या म्हशीला नाव होतं, चंद्रा, आणि तिच्या पारडाला वेगळं. फक्त जी बाई 'मी, मी' करून ही सगळी गोष्ट सांगते, तिला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाव नाही. संतापले ती त्यावर. एक बाई आपली सगळी कहाणी सांगते, आणि लेखिका, तीही बाईच, तिला म्हशीएवढा मान देत नाही. मी रेणापूरला जाऊन गिरणीच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "म्हशीला नाव आहे, बाईला का नाही?" काकू म्हणाली, "म्हशीला हाक मारावी लागती की. वाट चुकती ती."

त्या कादंबरीतला मधला प्रसंग मात्र इथं सांगायला हवा, कारण पुढं अडलेलं घोडं त्याच्यामुळंच हललं. ही बिननावाची बाई सासरच्या लोकांसोबत माहूरला देवीच्या दर्शनाला जाते. गडावर गर्दीत तिची चुकामूक होते. घरचे तिला शोधायला लागतात, पण हाक काय मारणार? सगळे ओरडतात, "अगं ए, ऐकलं का." गडावरच्या सगळ्या बायका वळून बघतात. ती एकटी वळत नाही. एका पायरीवर पदर आवरून बसून राहते. आजूबाजूला हळदीकुंकवाची, बांगड्यांची दुकानं, हाका चाललेल्या, आणि ती बसली आहे. पुढं काय होतं ते सांगत नाही, पुस्तक विकत घ्यावं. पण मी ते वाचून रडले आणि रडू आवरल्यावर जास्तच चिडले. अशा बाईला नाव नको?

छापायला पुस्तक नांदेडला दिलं होतं, काकूच्या माहेरकडच्या ओळखीच्या एका छापखानेवाल्याकडं. हा सद्गृहस्थ मूळचा लग्नपत्रिकावाला. पुस्तकं हा त्याचा शौक, पत्रिका हा त्याचा धंदा, आणि पत्रिकेच्या धंद्यानं माणूस कसा होतो हे ज्याला पाहायचं असेल त्यानं त्याच्याकडं पाहावं. सारखा मागं वळून बघतो. आपल्याकडच्या पत्रिकेत आजोबांपासून कालच बोलायला लागलेल्या भाच्यापर्यंत सगळे असतात, आणि एखादा राहिला की तो कुटुंबाकडं जात नाही, छापखान्याकडं येतो. एका पत्रिकेत नवरदेवाचा मावसा राहिला होता. मावसा लग्नाला गेलाच नाही. जोडीदार घेऊन सकाळीच छापखान्यात येऊन बसला, फेटा बांधून. तिकडं मुहूर्त टळायला लागला, तेव्हा नवरदेवाचा बाप वरातीची गाडी घेऊन याच्या दुकानाशी आला आणि मावशाच्या पाया पडला. "लग्न तिकडं व्हतं आन् वरात माझ्या दारात," असं छापखानेवाले अजून घाम पुसत सांगतात.

अशा माणसाच्या हातात, जिच्या मुख्य बाईलाच नाव नाही अशी कादंबरी पडली. त्यांनी पानं लावून झाल्यावर आम्हाला बोलावून घेतलं. काकू जरीकाठाची साडी नेसून आली होती. मी आमच्या मोहिमेचा बिल्ला लावून. छापखानेवाल्यांनी चहा मागवला आणि स्पष्टच सांगितलं. "ताई, माफ करा. मी हे असं छापू शकत न्हाई. नाव राहिलं तर लोक मला धरतेत."

"कोण धरंल?" काकूनं विचारलं. "ती बाई तर माझीच हाय."

"तिचे मामा, चुलते कुणीतरी असतीलच की. तुम्ही एक नाव टाका बस. सुमन टाका, कमल टाका, मंदाकिनी टाका. पाहिजे तर पत्रिकांतली काढून देतो, ढिगानं हाईत. न्हाई टाकलं, तर ही पानं घेऊन जा. माझी छाती न्हाई."

काकूनं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. तिच्या कादंबरीला नांदेडात दुसरं दार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि मी, जाहीर करते, छापखानेवाल्यांच्या बाजूनं उभी राहिले. "काकू, ते बरोबर सांगतायत. कारण वेगळं आहे, पण मागणी योग्य आहे. नाव हा हक्क आहे. नाव नसलेली बाई म्हणजे..."

"लीडरबाई, बसा जरा," काकू म्हणाली. मग तिनं समोर वाळत घातलेल्या ओल्या पत्रिकांकडं बोट केलं. "भाऊ, ती पत्रिका कुणाची?"

"लोह्याकडच्या पार्टीची. परवा लग्न हाय."

"नवरीचं नाव काय छापलंय?" छापखानेवाल्यांनी वाचून दाखवलं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आणि पुढं नाव. ठळक, सोनेरी शाईत, कुणाही मावशापेक्षा मोठं.

"अन् लग्नाच्या सांजच्याला तिचं नाव काय ऱ्हाईल?"

उत्तर त्यांनाही माहीत होतं. आमच्याकडं तांदळाचं ताट अजून पुष्कळ ठिकाणी ठेवतात.

"माझं नाव बी एकदा छापून आलं व्हतं," काकू म्हणाली. "मुदखेडला घरोघर वाटलं त्यांनी. गणपतीफुडं ठिवलं, हळद लावली. जन्मात पहिल्यांदाच छापलेलं नाव बगितलं मी माझं. आन् ते सांजच्यापातूर सुदा टिकलं न्हाई. भाऊ, मावसा राहिला तर तुमच्या दारात बसला. नवरीचं नाव दर लग्नाला जातंय, कवा एक तरी नवरी तुमच्या दारात येऊन बसली का?"

छापखानेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्या कुठल्याही पत्रकात हा मुद्दा नव्हता.

"नाव काय, म्या शंभर ठिवीन," काकू पुढं म्हणाली. "पण नाव आपण आपलं घेत न्हाईत. दुसऱ्यानं हाक मारावी लागती. माझी ही बाई एकलीच बोलायली. तिला हाक मारणारं जे माणूस व्हतं ते गेलं. आता मीच तिला नाव देऊन मीच हाक मारू का? खोटं पडंल."

छापखानेवाले बराच वेळ पानं चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती माहूरला पायरीवर बसती बगा, ते पान लावताना मला तिला हाक मारावी वाटली. खरं सांगतो. तोंड उघडलं आन् काय म्हणून मारावी तेच कळंना."

"वाटली नं?" काकूनं चहाची बशी पुन्हा उचलली. "मग झालं. तेवढ्यासाठीच लिवलंय."

असा तह झाला. पण पत्रिकावाला तो पत्रिकावालाच. त्यानं एक अट घातली. आपल्या प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी तो स्वतःच्या रक्षणासाठी जी ओळ टाकतो, ती कादंबरीच्या शेवटच्या पानावर टाकायची: 'नजरचुकीने कुणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व.' मी म्हटलं, हा साहित्याचा अपमान आहे, बाईच्या प्रश्नाची थट्टा आहे, आणि नजरचूक तर मुळीच नाही. काकूनं ती ओळ दोनदा वाचायला लावली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुणीतरी माफी मागितली म्हणायची." मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव कुठलं घालायचं असं त्यांनी भीतभीतच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधारकार्डावरचं घाला. कव्हर बाहेरच्या माणसांसाठी असतंय." आणि उठली.

नांदेडच्या बसस्थानकावर आम्ही आलो तेव्हा लातूरची गाडी लागलेली होती. मी आत चढून खिडकीत रुमाल टाकला आणि वळून पाहते तर काकू नाही. पाण्याला गेली असेल म्हणून थांबले. कंडक्टर दार लावायला लागला. मी खाली उडी मारून ओरडले, "काकू." अर्ध्या फलाटानं माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं प्रत्येक बाई कुणाची तरी काकू असते. केळीवालीनं तर "काय बाळा?" असं विचारलंसुद्धा. काकू काही दिसेना. मग मी तिचं आधारकार्डावरचं नाव घेऊन ओरडले. तांदळातलं. दोन अनोळखी बायका वळल्या, आणि मग मला ती दिसली. पार पलीकडं, पुस्तकांच्या टपरीसमोर पाठमोरी, मान वर करून, आपलं पुस्तक कुठल्या फळीवर बसेल याचा अंदाज घेत असल्यासारखी. त्या नावानं तिची पाठ हललीसुद्धा नाही. मी पुन्हा तेच नाव ओरडले. घोषणेच्या आवाजात. नाही. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, गाडी सोडायलो मी."

तेव्हा माझ्या तोंडून ती दुसरी हाक निघाली. फाटकातून यायची ती. मी काही ठरवलं नव्हतं, आणि त्याआधी ते नाव मी कधी मोठ्यानं उच्चारलेलंही नव्हतं.

हाक पुरी व्हायच्या आत ती वळली. अशी वळली की हातातली पिशवी टपरीवर आपटली आणि पुस्तकांची एक चळत खाली आली. काकू फलाटावरून धावत यायला लागली, साडी वर धरून, या वयात. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ती माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या मागं कुणीतरी असल्यासारखी बघत होती. अगदी जवळ आल्यावर तिला मी दिसले. मग ती चालायला लागली, धापा टाकत, आणि गाडीत चढली.

लोहा मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला कसं ठाव ते?"

"मुदखेडची आजी मारायची नं हाक. लहानपणी ऐकलेली."

"हं." आणखी एक गाव गेलं. "पण तुझा आवाज तसा न्हाई. ती अशी मोर्चा आणल्यासारखी वरडत न्हवती."

मी म्हटलं, "सॉरी."

"सॉरी कामून?" ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. "आली की ऐकू."

कादंबरी निघाली. रेणापुरात ती गिरणीवरच विकली जाते, दळणाबरोबर. बायका डबा न्यायला येतात तेव्हा काकूला विचारतात, त्या बाईचं नाव काय होतं गं? काकू म्हणते, तुम्हीच सांगा. मग ज्वारी दळून होईपर्यंत वाद चालतो. लातूरच्या एका प्राध्यापकांनी बोलताना असं सांगितलं की निवेदिकेला नाव न देणं हा आधुनिक जाणिवेचा परिणाम आहे. काकूनं ते शांतपणं ऐकलं आणि त्यांचा नंबर मोबाइलमध्ये 'जाणीव' म्हणून साठवला. माझी पाटी पिंपावरच आहे. मी आता ती उचलून दारावर ठोका असं म्हणत नाही, मात्र मोहीम सोडलेली नाही. उरलेल्या घरांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या पत्रकात एक कलम वाढलं आहे, लग्नात नवरीचं नाव बदलू नये म्हणून, आणि ते छापून देताना नांदेडच्या छापखानेवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. तळाशी क्षमस्व मात्र टाकलंच.

मोहिमेतल्या मैत्रिणींना हा लेख दाखवला तेव्हा त्यांनी मला धारेवर धरलं. नावासाठी भांडणारी तू, आणि काकूवर एवढं लिहिलंस त्यात तिचं नाव कुठंय? दोन आहेत तर एक तरी लिही. मी पेन हातात घेऊन बसले होते. एक आधारकार्डावर आहे, ते तिचं नव्हे. दुसरं मी लिहिलं, की उद्या ज्वारी दळायला आलेलं कुणीही ते घेईल, आणि मग ती हाक मुदखेडच्या फाटकातली राहणार नाही. जगात ते नाव आता माझ्या एकटीच्या तोंडी उरलं आहे, आणि माझा आवाज हा असा.

त्या दिवसानंतर मी ती हाक पुन्हा मारलेली नाही. कालच रेणापूरला गेले होते. लाईट गेलेली, गिरणी गप्प, काकू दारात बसून दुसऱ्या कादंबरीच्या मागं लागलेली. फाटकाशी उभी राहिले तेव्हा ते नाव अगदी ओठांवर आलं होतं. ती मान वर करून क्षणभर थांबली, जणू तिलाही ते येताना दिसलं. मग मी म्हटलं, "काकू, चहा ठेवू का?"

"ठेव," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. "पण ते चहात घालायचं संपलंय बग."